एकतीस मीटर

३ मार्च, सोमवार

नवी फाइल आली. फाइल कसली, गळ्यात धोंड. माझी पर्स अजून खांद्यावरच होती, तेवढ्यात साहेबांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, ही जरा मनापासून बघा." वीस वर्षांत त्यांनी मला मनापासून काही बघायला सांगितलेलं नाही. नीट बघा, लवकर बघा, एवढंच म्हणतात.

कंपनी औषधं बनवते. औषधं म्हणजे एकच औषध, तेही अजून बाजारात नाही. आणि ज्या आजारावर ते आहे तो आख्ख्या जगात आठशे-साडेआठशे जणांना. पाचव्या-सहाव्या वर्षी मुलांच्या पायांतली ताकद जायला लागते, मुलं पडायला लागतात, आणि पंधराव्यापर्यंत चाकाच्या खुर्चीत. आजाराचं नाव दीड ओळ लांब. मला ते तिसऱ्या प्रयत्नात वाचता आलं, साहेबांनी एका दमात म्हटलं. घरी आरशासमोर सराव करून आले असणार.

आणि पैसा कुणाचा? बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या म्हातारपणाचा. आमचा निधी त्यांच्या पेन्शनसाठी आहे. आजवर आम्ही सिमेंटात, विजेत, साबणात पैसे घातले. साबण लोक उद्याही लावणार आहेत. या कंपनीचं औषध मंजूर झालं तर पैशाचे दहा पट, नाही झालं तर शून्य, मधलं काही नाही. हे मी साहेबांना सांगायचं? ज्यांनी मला हे शिकवलं त्यांना?

५ मार्च, बुधवार

कंपनीचे दोघे येऊन गेले. एक शास्त्रज्ञ, ज्याने कंपनी काढली. दुसरा पैशांचं बघणारा. त्याचं नाव मी लोणी ठेवलं आहे, कारण तासभर त्याने दुसरं काही लावलं नाही. "तुमच्यासारख्या बारकाईने वाचणाऱ्या बाई आम्हाला अजून भेटल्याच नव्हत्या." मी तेव्हा फक्त मुखपृष्ठ वाचलं होतं.

शास्त्रज्ञाचा त्रास वेगळाच. हो की नाही विचारलं तर म्हणतो, "एका अर्थी." चाळीस मिनिटांत एकोणीस वेळा म्हणाला, मी समासात रेघा ओढल्या.

पण डोकं फिरवलं ते साहेबांनी. मी विचारतेय, पेटंट किती वर्षांचं, हातातली रोकड किती महिने पुरेल, दुसरं कुणी याच औषधाच्या मागे आहे का. (उत्तरं: अकरा वर्षं, नऊ महिने, नाही.) आणि साहेब मधेच विचारतात, "सुई कुठे टोचतात? दंडात की पाठीत?" मग, "किती वेळ बसून राहावं लागतं?" मग, "मुलं रडतात का?"

लोण्याने लगेच डोळे ओले केले. शास्त्रज्ञ म्हणाला, "पहिल्या दोन वेळा रडतात. नंतर नर्सशी पत्ते खेळतात." आख्ख्या सभेत त्याचं सरळ उत्तर एवढं एकच.

तीन वाजता साहेब निघून गेले. हल्ली दर बुधवारी जातात. राहिलेल्या दोघांना चहा पाजून वाटेला लावायचं काम माझ्याकडे.

६ मार्च, गुरुवार

रात्रीच्या जेवणात आईला सगळं सांगितलं. तिने शब्दकोड्यातून मान वर न करता विचारलं, "त्याच्या घरात कुणी आजारी आहे का?"

"कुणाच्या?"

"तुझ्या साहेबाच्या. रडतात का म्हणून कोण विचारतं?"

आईला प्रत्येकाच्या घरात आजारीच माणूस दिसतं. समोरच्या बिऱ्हाडात दोन दिवस दिवा लागला नाही तर तिने त्यांना दवाखान्यात भरती करून टाकलं होतं. ते लग्नाला गेले होते.

माझं म्हणणं सोपं आहे. साहेबांची निवृत्ती दोन वर्षांवर आली, आणि जाता जाता एखादा मोठा डाव मारून जावा असं त्यांच्या मनात आलंय. माणसाला या वयात असं होतं. कुणी गिटार शिकतं, कुणी औषधाच्या कंपन्या घेतं.

११ मार्च, मंगळवार

चार दिवस कागद वाचतेय. डोळ्यांची पार वाट लागली, पण आता गोष्ट स्पष्ट आहे. सगळा डोलारा एका आकड्यावर उभा आहे, आणि तो आकडा आहे एकतीस मीटर.

चाचणी अशी. पॅसेजमध्ये दोन टोकांना दोन शंकू ठेवायचे. मुलाने सहा मिनिटं त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायच्या. धावायचं नाही, दमलं तर भिंतीला टेकून थांबायचं. सहा मिनिटांत किती मीटर चाललं, ते लिहायचं. औषधाआधी चौदा मुलांची सरासरी दोनशे चौऱ्याहत्तर, वर्षभर औषध घेतल्यावर तीनशे पाच.

औषध न घेणारी मुलं कुठे आहेत, असं मी फोन करून विचारलं. शास्त्रज्ञ म्हणाला, "आहेतच किती मुलं? त्यातल्या निम्म्यांना खोटी सुई टोचू?" हे मला मान्य आहे. म्हणून ते जगभरच्या जुन्या नोंदींशी तुलना करतात.

एकतीस मीटर खरे असतील तर ही कंपनी सोनं आहे. खोटं का बोलू.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांनी आज तिसऱ्यांदा विचारलं, "झालं का?" मग विचारलं, चौदांतलं सगळ्यांत लहान मूल किती वर्षांचं होतं. सहा. "सात वर्षांचं चालेल म्हणजे," म्हणाले. कशाला चालेल? आम्ही पैसे घालणार आहोत की शाळेत प्रवेश घेणार आहोत?

मला एक वाईट शंका आली, ती इथे लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल. लोण्याने साहेबांना काही कबूल केलंय का? जेवणाच्या सुट्टीत मी भागधारकांची यादी उघडून त्यांचं नाव शोधलं. मग त्यांच्या बायकोचं. मग मुलाचं. कुणाचंच नाही. सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता, पण खरं सांगायचं तर जरा हिरमोड झाला. कारण सापडलं असतं तर निदान समजलं तरी असतं.

१८ मार्च, मंगळवार

चाचणी जिथे झाली त्या इस्पितळात जाऊन आले. लोणी बरोबर यायला निघाला होता, त्याला कटवलं.

चालण्याची चाचणी घेणारी फिजिओ तिशीतली, अंगाने बारीक, आवाजाने दांडगी. मुलं तिला घाबरत नाहीत. तिने मला पॅसेज दाखवला. रुंद, उजेडाचा, फरशीवर दर तीन मीटरला निळी पट्टी. मी मूळ कागद मागितले, छापील अहवाल नको, तिने हाताने लिहिलेले. तिने कपाटातून गठ्ठा काढून दिला. अशी माणसं मला आवडतात.

प्रत्येक कागदावर खेपांच्या रेघा, पाच-पाचचे जुडगे. आणि मला खटकलं. एका मुलाच्या पहिल्या कागदावर चौदा रेघा आणि दोनशे ऐंशी मीटर. वर्षानंतरच्या कागदावर दहाच रेघा, उरलेलं थोडं, आणि तीनशे आठ मीटर. रेघा कमी आणि अंतर जास्त? मला वाटलं, सापडला चोर.

"हो, मग," ती म्हणाली, "तेव्हा आम्ही जुन्या इमारतीत होतो ना. तिथला पॅसेज वीस मीटरचा होता. हा तीस मीटरचा. मी स्वतः टेपने मोजलाय, दोनदा. मुलांना किती सोयीचं झालंय सांगू! सारखं सारखं वळायला नको."

हे ती अगदी कौतुकाने सांगत होती.

मी विचारलं, वळायला त्यांना किती वेळ लागतो? तिने उठून करून दाखवलं. थांबायचं, भिंतीला हात लावायचा, एक पाय, दुसरा पाय, पुन्हा एक, तोल सावरायचा, निघायचं. मी घड्याळात बघितलं. सात सेकंद.

पायांत ताकद नसलेल्या मुलासाठी चालणं सोपं आणि वळणं अवघड. आणि वळणं तेरावरून दहावर आली होती.

कुणी खोटं बोललेलं नाही. गुणाकार बरोबर, टेप बरोबर, मीटर तो मीटरच. फक्त इमारत बदलली, आणि ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी वाटली नाही.

२० मार्च, गुरुवार

प्रयोग केला. आमच्या मजल्याचा पॅसेज लांबलचक आहे, आणि आईचा गुडघा आहेच. काल संध्याकाळी खडूने वीस मीटरवर रेघ मारली आणि आईला काठी घेऊन सहा मिनिटं चालवलं. आज त्याच वेळी रेघ तीस मीटरवर.

आई म्हणाली, "मेले तर अहवालात लिही." शेजारचे दार किलकिलं करून बघत होते. त्यांना वाटलं असेल, पोरगी म्हातारीला शिक्षा देतेय.

निकाल असा की आई एका दिवसात, कोणतंही औषध न घेता, अठरा मीटर सुधारली.

मी पॅसेजमध्ये एकटीच हसत सुटले. आई मात्र हसली नाही. काठी कोपऱ्यात ठेवून म्हणाली, "आता त्या माणसाला हे कसं सांगणार आहेस?" मी म्हटलं, कसं म्हणजे? तक्ता काढून.

२१ मार्च, शुक्रवार

तक्ता काढून सांगितलं. आईच्या अठरा मीटरसकट. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. असल्या चुका पकडायला त्यांनीच तर शिकवलं.

साहेबांनी तक्ता स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे औषध चालत नाही."

"तसं नाही साहेब. एकतीसमधले वीस-बावीस पॅसेजचे असावेत. उरलेलं काय आहे, ते कुणालाच माहीत नाही."

"मग माहीत करून घ्या."

"आपण कशाला? आपण नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

त्यावर ते माझ्यावर ओरडले. वीस वर्षांत पहिल्यांदा. दार उघडं होतं, सगळ्यांनी ऐकलं. काय ओरडले ते लिहीत नाही. थोडक्यात, तुम्हाला सगळं मोकळं व्हायचंच पडलेलं असतं, असं काहीतरी. अंगाचा तिळपापड झाला. चूक कंपनीची, पकडली मी, आणि बोलणी कुणी खायची?

२५ मार्च, मंगळवार

साहेबांनी दोघांना बोलावून अट घातली. सगळ्या मुलांना जुन्या पॅसेजमध्ये पुन्हा चालवा, मग बोलू. दर पंधरवड्याला मुलं सुईसाठी येतातच, वेगळं बोलवायला नको.

लोण्याचं लोणी आज पार वितळलं. मोठमोठ्याने म्हणाला, असं कुठे असतं का, तो पॅसेज आता जुन्या कागदांची कोठी आहे, तिथे कपाटं आहेत. शास्त्रज्ञाच्या खिशातल्या पेनची शाई शर्टावर पसरत होती, त्याचं लक्ष नव्हतं. मग म्हणाला, "कपाटं मी हलवतो."

"अहो, पण आकडा खाली आला तर?" लोणी.

"आला तर आला. बारा वर्षं गेली माझी यात. मला एकदा कळू दे."

"एका अर्थी" असं म्हणाला नाही.

५ एप्रिल, शनिवार

गेल्या शनिवारी सात मुलं झाली, आज उरलेली सात. कपाटं खरोखरच त्याने हलवली होती, फरशीवर ओरखडे होते. मी घड्याळ घेऊन बसले, फिजिओ रेघा मारत होती. साहेब भिंतीला टेकून उभे. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. मुलं येत-जात होती तसे त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते.

शेवटचा मुलगा आठ वर्षांचा. पाचव्या मिनिटाला वळताना बसला. फिजिओने हात दिला नाही, तसा नियम आहे. तो भिंतीला धरून उठला, उरलेलं चालला आणि मला विचारलं, "जिंकलो?" मी म्हटलं, वेळ झाली.

सामान आवरताना फिजिओ साहेबांजवळ गेली आणि म्हणाली, "आजोबा, नात कशी आहे? बुधवारी मी सुट्टीवर होते, भेट झाली नाही. काळजी करू नका हां, चाचणीच्या पुढच्या तुकडीत तिचं नाव पहिलं आहे."

पुढची तुकडी आमचे पैसे आले तरच आहे. ते माझ्याच टिपणात, पान सातवर, मीच लिहिलंय.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळ डबीत ठेवत होते. डबी बंदच होईना.

घरी येऊन आईला सांगितलं. ती "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. बुधवार, सात वर्षांचं चालेल, मुलं रडतात का. आणि मी बसले होते त्यांच्या मुलाचं नाव भागधारकांच्या यादीत शोधत. आणि रागही येतोय, तो जात नाही. त्यांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या पैशाशी हे असं वागतात का? वीस वर्षांत दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याला त्यांनी सोडलं असतं का?

८ एप्रिल, मंगळवार

नऊ मीटर. चौदांची सरासरी, जुन्या पॅसेजमध्ये, दोनशे त्र्याऐंशी.

नऊ म्हणजे काही असेल, किंवा काहीच नसेल. तेच मूल आज आणि परवा चाललं तरी दहा-पंधरा मीटरचा फरक पडतो. जुन्या नोंदींशी तुलना करावी, तर त्या मुलांचे पॅसेज किती लांब होते हे कुठेच लिहिलेलं नाही. जगात एकाही माणसाला पॅसेजची लांबी लिहायचं सुचू नये? फक्त लांबी, एक ओळ!

आकडा सांगायला गेले. आधी मीच म्हटलं, "साहेब, तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"हो." मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही एकतर दया दाखवली असती, नाहीतर दया दिसू नये म्हणून जास्त कडक झाला असतात. मला तुमचं नेहमीचं उत्तर हवं होतं." मग, "तेही खरं नाही. मला हो हवं होतं. तुम्ही शोधून हो म्हणालात तर ते खरं असेल, असं वाटलं."

त्यांनी निधीच्या समितीला सगळं लेखी कळवलंय. या विषयात ते बसणार नाहीत, सहीही करणार नाहीत. टिपणावर सही माझी एकटीची.

"नऊ मीटर," ते म्हणाले. "तिच्या पलंगापासून बाथरूम साडेसात मीटरवर आहे. परवा मोजलं."

मी म्हटलं, "साहेब, ते नऊ शून्यही असू शकतात."

"माहीत आहे, बाई. मीच शिकवलंय तुम्हाला."

दुपारी टिपण लिहिलं. शेवटची ओळ लिहायला चहाचे तीन कप लागले. गुंतवणूक करू नये. पैसे हजारो माणसांचे आहेत, त्यांनाही गुडघे आहेत. हे मला पटतं. पटूनही हात जड झाला, हे इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे लिहिणार?

१० एप्रिल, गुरुवार

समितीला चार मिनिटं लागली. साहेब बाहेर बाकावर बसले होते. एका सदस्याने विचारलं, "नऊ मीटर म्हणजे असं कितीसं?" मी म्हटलं, मोजण्यातल्या चुकीइतकं. ते खरं आहे. दुसऱ्याने माझं अभिनंदन केलं, बाईंनी निधी वाचवला म्हणून. टाळ्याही वाजवल्या दोघांनी. मला त्यांची तोंडं बघवेनात.

बाहेर आले. साहेबांनी विचारलं नाही, माझ्याकडे बघूनच त्यांना कळलं. खिशातून फोन काढला, सुनेला लावला आणि कानाशी धरला. पलीकडून "बाबा? बाबा?" ऐकू येत होतं. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. "तुम्ही सांगा. तुम्हाला नीट सांगता येतं."

मी सांगितलं. पॅसेज, वळणं, एकतीस, नऊ. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "म्हणजे औषध चालत नाही?"

"तसं नाही."

"मग चालतं?"

"तसंही म्हणता येत नाही."

"ती इथेच बसलीय," ती म्हणाली. "तिला कळलंय कुणाचा फोन आहे ते. तिला मी काय सांगू?"

वीस वर्षं मी लोकांच्या प्रश्नांना आकड्यात उत्तरं देत आलेय. आज एकही आकडा कामाचा नव्हता. साहेब बाकावर बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. आणि मी म्हटलं, "तिला सांगा, अजून मोजणं चालू आहे."

हे खोटं आहे. कुणीही काहीही मोजत नाहीये. कंपनीकडे आठ महिन्यांची रोकड उरलीय आणि आम्ही नुकतंच नाही म्हटलंय. आयुष्यात कागदावर एक खोटा आकडा लिहिला नाही, आणि सात वर्षांच्या मुलीला मात्र सरळ थाप मारून मोकळी झाले. आता उद्या सकाळी त्या शास्त्रज्ञाला फोन करायचा. एकाच पॅसेजमध्ये, पहिल्यापासून, नीट मोजायला किती खर्च येईल, आणि असल्या कामाला पैसे देणारं जगात कोण असतं, ते विचारायचं. तो म्हणणार, एका अर्थी. त्याच्याकडून सरळ उत्तर काढायचं. थाप मारली मी, ती खरी करायची कटकटही माझीच.